पीकवर्तुळ पाहायला जाताना: चाकोरीतून आत, माग काढत बाहेर

उभ्या पिकात रातोरात उमटलेली वर्तुळं पाहायची असतील, तर दक्षिण इंग्लंडमधलं विल्टशर गाठावं. एव्हबरी आणि ऑल्टन बार्न्सचा परिसर त्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. मे महिन्यात रेपसीड या मोहरीसारख्या पिकाच्या पिवळ्या फुलोऱ्यात आकृत्या दिसतात, जूनमध्ये बार्लीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये गव्हात. गव्हातल्या सर्वांत रेखीव. कापणी झाली की खेळ संपला, म्हणून बातमी कळल्यावर एक-दोन दिवसांतच निघावं. उशीर झाला तर बघ्यांनी सगळं तुडवलेलं असतं आणि तुम्ही त्यांच्याच पावलांचा तपास करत बसता.

सगळ्यात आधी शेतकऱ्याची परवानगी घ्या. लोळलेलं पीक त्याचं नुकसान असतं आणि परवानगीशिवाय वर्तुळ पाडणं हा तिथे गुन्हा ठरतो. 2000 साली एकाला 100 पौंडांचा दंडही झाला होता. काही शेतकरी बांधावर पेटी ठेवतात, तीत पैसे टाकून आत जाता येतं. परवानगी नसेल तर नॅप हिलसारख्या टेकडीवरून खालचं शिवार न्याहाळा. एव्हबरीजवळच्या सिल्बरी हिल या प्राचीन टेकाडावर मात्र चढायला बंदी आहे.

आत शिरताना ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच चाला. कितीही मोह झाला तरी उभ्या पिकातून आडवाट काढू नका. सोबत लांब टेप, होकायंत्र, वही आणि कॅमेरा एवढं पुरे. पँट मात्र पूर्ण लांबीची हवी, बार्लीची कुसळं पायांना सोडत नाहीत.

कशालाही हात लावण्याआधी फोटो काढून घ्या. मग कडा बघा. वाऱ्या-पावसाने लोळलेलं पीक वेडंवाकडं आणि फाटक्या कडांचं असतं. वर्तुळाच्या कडेला मात्र एक ताट, म्हणजे पिकाचं धांड, आडवं आणि शेजारचं ताठ उभं दिसेल. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. मध्यबिंदूपाशी खुंटीचं भोक आहे का, हे मातीत शोधा.

खरी गंमत थरांमध्ये आहे. वरची ताटं हलकेच उचला आणि खालची कोणत्या दिशेला झोपली आहेत ते पाहा. खालचा थर आधी पडलेला, वरचा नंतर. असं चार-पाच ठिकाणी पाहून वहीत बाण काढले की आकृती कुठून सुरू झाली आणि कुठे संपली, याचा अंदाज येऊ लागतो. कधी वर्तुळाखाली पायवाटेएवढी अरुंद पट्टीही सापडते. ती आखणी करणाऱ्याची आधीची रेघ असू शकते.

ताटांची पेरं, म्हणजे धांडावरच्या गाठी, वाकलेली दिसली की कुणीतरी हमखास सांगतं, ही अज्ञात ऊर्जेची खूण. गव्हाचं आडवं पडलेलं ताट काही दिवसांत पेरापाशी स्वतःच वर वळतं, कारण पेराची खालची बाजू जास्त वाढते. खात्री करायची तर पेरं धरलेल्या गव्हाची कुंडी आडवी ठेवून बघा.

‘एका रात्रीत माणसाला हे जमेल का?’ हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. डग बाउर आणि डेव्ह चोर्ली या दोघांनी 1991 मध्ये कबुली दिली, तेव्हा फळी आणि दोरीच्या जोरावर ते वर्षानुवर्षं शेतांत वर्तुळं पाडत आले होते. 2001 च्या ऑगस्टमध्ये विल्टशरमधल्याच मिल्क हिलवर 409 वर्तुळांची आकृती उमटली. इतकी वर्तुळं मोजली की आखणी करणाऱ्याचं कौतुकच वाटतं, मग तो कुणीही असो.

निघताना फाटक जसं होतं तसं लावा आणि शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारा: हा तुकडा शेवटचा धड कधी पाहिला होता आणि त्यानंतर पाऊस कधी पडला? उत्तरं वहीत तारखेसह लिहा. पावसानंतर वर्तुळ पडलं असेल, तर ओल्या मातीतले बुटांचे ठसे लोळलेल्या ताटांखाली अजून शिल्लक असतील.