परदेशात घेतलेला कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वेगळ्या व्होल्टेजवर कसा चालवावा

"प्लगला अडॅप्टर लावा आणि बिनधास्त सुरू करा" हा सल्ला इतक्या वेळा कानावर येतो की आता ऐकवत नाही. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो; भिंतीतलं व्होल्टेज जसंच्या तसं आत जातं. हल्लीचे बरेचसे पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारे डबे, ते झेलतात, म्हणून असा सल्ला देणाऱ्यांचं निभावतं. पण जो सप्लाय झेलणारा नसतो तो आधी सूचना देत नाही. बटण दाबताक्षणी फाटकन आवाज येतो आणि जळका वास खोलीभर पसरतो. असे मेलेले सप्लाय लोक माझ्याकडे घेऊन येतात, आणि त्यातले बहुतेक नुसतं लेबल वाचलं असतं तर वाचले असते.

भिंतीत किती व्होल्ट आहेत

अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही देशाच्या पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. भारतात आणि जवळजवळ सगळ्या युरोपात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ आणि काही भागांत २२०, तेव्हा तिथे देशाचं नाव माहीत असून भागत नाही.

हर्ट्झची चिंता सोडून द्या. सप्लाय आत आलेल्या एसीचं (सतत दिशा बदलणाऱ्या विजेचं) सगळ्यात आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतो, त्यामुळे ५० आहे की ६० याने त्याला काही फरक पडत नाही. बघायचे ते व्होल्ट.

लेबल: इथे घाई नको

सगळा प्रश्न इथेच सुटतो आणि चुकतोही इथेच. मलाही ही पायरी नीट उमगायला वेळ लागला, कारण लेबलवरचा एक छोटासा आडवा दांडा आणि एक तिरकी रेघ यांच्यात केवढं अंतर आहे हे कुणी सांगत नाही.

लेबल सप्लायच्या एका बाजूला चिकटवलेलं असतं आणि जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये नेमकी तीच बाजू झाकलेली असते. मागचे चार स्क्रू काढा, सप्लाय बाहेर ओढा आणि लेबल डोळ्यांनी वाचा. खोक्यावरचा किंवा जाहिरातीतला मजकूर धरू नका. एकाच नावाच्या मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात, आणि जाहिरात कोणत्या आवृत्तीची आहे हे तुम्हाला कळणार नाही. लेबलवर आकड्यांचा मोठा तक्ता दिसेल, ३.३, ५, १२ व्होल्टचा. तो आउटपुटचा. आपल्याला हवी ती 'इनपुट' किंवा 'एसी इनपुट' लिहिलेली ओळ, जी बहुधा सगळ्यात वर आणि सगळ्यात बारीक अक्षरांत असते.

तिथे '१००-२४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ' असं सलग लिहिलेलं असेल तर उत्तम. हा सप्लाय जगात कुठेही चालेल, काहीही बदलावं लागणार नाही. यात आत आलेलं व्होल्टेज कितीही असो, ते चढवून साधारण ३८० ते ४०० व्होल्ट डीसीवर नेणारा एक टप्पा असतो. पुढचं सर्किट त्या ठरलेल्या डीसीवर चालतं. तुम्ही थेट कॉर्डच्या भागावर गेलात तरी चालेल.

'११५/२३० व्होल्ट' असं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिलं असेल तर थांबा. रेघेचा अर्थ 'दोन्हीपैकी एक'. हा सप्लाय दोन्हीवर चालतो, पण आत्ता कशावर आहे हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी मागच्या बाजूला, कॉर्डच्या सॉकेटजवळ, एक लाल सरकता स्विच असतो. स्विचच्या खिडकीत जो आकडा दिसतो तोच सध्याचा. अमेरिकेतून आलेल्या जुन्या सप्लायमध्ये तिथे ११५ दिसणार.

११५ वर ठेवलेला सप्लाय २३० ला लावला तर काय होतं ते समजून घ्या, म्हणजे ही गोष्ट विसरणार नाही. ११५ च्या स्थितीत आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. १२० व्होल्ट एसीचं शिखर, म्हणजे लाटेचा सगळ्यात उंच बिंदू, सुमारे १७० व्होल्ट असतं, ते दुप्पट होऊन ३४० होतं, आणि एकामागे एक जोडलेले दोन मोठे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) ते वाटून घेतात. हे कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचे असतात. आता २३० चं शिखर ३२५. तेही दुप्पट व्हायला बघतं, म्हणजे ६५०. दोन्ही कपॅसिटर मिळून ४०० सोसणारे. ते फुटतात, नाहीतर त्यांच्याआधी संरक्षणासाठी बसवलेला व्हॅरिस्टर शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. हे सगळं क्षणात होतं. हात पुन्हा बटणाकडे जायला वेळ मिळत नाही. "फ्यूजच उडालाय, नवा टाका" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. फ्यूज उडाला म्हणजे आत काहीतरी शॉर्ट झालं आहे, आणि ते दुरुस्त न करता घातलेला नवा फ्यूजही उडेल. सप्लाय उघडायच्या फंदातही पडू नका, कॉर्ड काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो.

उलटी चूक सौम्य असते. २३० वर ठेवलेला सप्लाय १२० ला लावला तर तो बहुतेक वेळा सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन लोड आला की बंद पडतो. म्हणून माझा ठाम नियम: शंका असेल तर स्विच आधी २३० वर न्या.

स्विच सरकवताना कॉर्ड काढलेली हवी. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाचेत घालून टोकापर्यंत सरकवा, आकडा खिडकीत पूर्ण दिसला पाहिजे. मग त्यावर जाड टेप लावा. सप्लाय पुन्हा कॉम्प्युटरमध्ये बसवताना किंवा मागची धूळ पुसताना स्विच नकळत सरकण्याचा धोका तेवढ्याने जातो.

आता ज्या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो: "मागे स्विच नाही ना, मग ऑटोमॅटिक आहे." हे खोटं आहे. स्विच नसण्याचे अर्थ तीन. सप्लाय १००-२४० चा असेल. किंवा काही जुन्या ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये असतं तसं व्होल्टेज ओळखून आपोआप बदलणारं सर्किट आत असेल, आणि त्यात लेबलवर '१००-१२७/२००-२४०' असं लिहिलेलं असूनही स्विच नसेल. किंवा तो एकाच व्होल्टेजचा असेल. फक्त '२००-२४० व्होल्ट' लिहिलेले स्वस्त सप्लाय भरपूर विकले जातात, आणि एखाद्या जुन्या यंत्रात नुसतं '१०० व्होल्ट' किंवा '११५ व्होल्ट' लिहिलेलंही सापडतं. तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात. 'ॲक्टिव्ह पीएफसी' (व्होल्टेज चढवणारा तो वरचा टप्पा) लिहिलंय म्हणजे सगळीकडे चालेल, हेही धरून चालू नका. कमी व्होल्टेजवर तेवढीच पॉवर ओढायची तर दुप्पट करंट लागतो, त्यासाठी जाड कॉइल आणि दणकट ट्रान्झिस्टर लागतात. खर्च वाचवायला काही कंपन्या ते घालतच नाहीत आणि पीएफसी असूनही लेबलवर २००-२४० लिहितात.

इनपुटची ओळ खोडलेली आहे किंवा लेबलच नाही, असा सप्लाय लावू नका. मी लावत नाही.

कॉर्ड

अडॅप्टर नको, कॉर्डच बदला. सप्लायच्या मागचं तीन पिनांचं सॉकेट जगभर एकच असतं. त्यात बसणाऱ्या कॉर्डच्या टोकाला सी-१३ म्हणतात. जिथे वापरणार त्या देशाची, भिंतीतल्या सॉकेटला बसणारी, २५० व्होल्ट १० अँपियर लिहिलेली कॉर्ड घेतली की झालं. खूप मोठ्या सप्लायना सी-१९ लागते, ती जाड आणि चौकोनी असते. अमेरिकेतून आलेल्या कॉर्डवर बहुधा १२५ व्होल्ट कोरलेलं असतं. ती २३० वर वापरू नका.

अडॅप्टरवर माझा खरा राग अर्थिंगमुळे आहे. बरेचसे ट्रॅव्हल अडॅप्टर तीन पिना घेतात आणि पुढे दोनच देतात. कॉम्प्युटर चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग कधीतरी बोटाची मागची बाजू कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यावरून हलकेच फिरते आणि पत्रा खरखरीत, थरथरणारा लागतो, क्वचित मुंग्या येतात. हे असं का होतं? सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो, म्हणजे २३० च्या ठिकाणी सुमारे ११५. करंट अगदी थोडा असतो, पण कॅबिनेटला अर्थिंग नाही याची ती खूण आहे. उद्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर करंटला जमिनीकडे जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट उरणार नाही. जपानमध्ये घरातलं सॉकेट बऱ्याचदा दोन खाचांचंच असतं आणि प्लगमधून अर्थिंगची वेगळी हिरवी वायर लोंबत असते. ती अर्थिंगच्या स्क्रूला लावायची असते, कापून टाकायची नसते.

एक्सटेन्शन बोर्ड आणि यूपीएस

परदेशातून सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, म्हणजे सर्जपासून, वाचवणारा भाग) असलेला एक्सटेन्शन बोर्ड आणला असेल तर तो बाजूलाच ठेवा. सप्लाय १००-२४० चा, कॉर्ड बरोबर, आणि मध्ये हा बोर्ड! १२० व्होल्टसाठी बनवलेल्या बोर्डातले व्हॅरिस्टर २३० ला नेहमीचं व्होल्टेजच सर्ज समजतात, तापतात आणि जळतात. प्लास्टिकच्या डब्यात हे होत असल्यामुळे आग लागायची भीती खरी आहे. १२० चा यूपीएसही २३० ला चालत नाही.

करंट

२३० कडून १२० कडे नेताना करंट दुप्पट होतो. भिंतीतून ६०० वॉट ओढणारा कॉम्प्युटर २३० वर सुमारे २.६ अँपियर घेतो, १२० वर ५, जपानच्या १०० वर ६. साध्या कॉम्प्युटरला याने काही होत नाही. हजार वॉटच्या पुढचा सप्लाय असेल तर लेबल पुन्हा बघा: काही सप्लाय १००-१२० वर पूर्ण वॉट देत नाहीत आणि तसं तिथे लिहिलेलं असतं.

सप्लाय एकाच व्होल्टेजचा निघाला तर

नवा घ्या. एखादं जुनं यंत्र जसंच्या तसं जपायचं असेल तरच ट्रान्सफॉर्मर घ्या. तो लोखंडी गाभ्याचा, जड, लागणाऱ्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा आणि अर्थिंग पुढे नेणारा हवा. हेअर ड्रायर किंवा इस्त्रीसाठी मिळणारा हलका ट्रॅव्हल कन्व्हर्टर चुकूनही लावू नका. तो विजेच्या लाटेचे तुकडे करून व्होल्टेज कमी केल्यासारखं दाखवतो. हीटरला ते चालतं, पॉवर सप्लायला नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

सप्लाय एकटाच सुरू करा, मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) न जोडता. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला वायरच्या तुकड्याने जोडा, मगच कॉर्ड लावा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर मॅन्युअलमधल्या आकृतीत १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना शोधा. पंखा फिरला पाहिजे. काही सप्लायमध्ये लोड नसताना तो थांबलेलाच असतो, म्हणून मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये असेल तर कॉर्ड काढा, तुकडा काढा आणि सप्लाय कॉम्प्युटरमध्ये बसवा.

मॉनिटर, स्पीकर आणि प्रिंटर यांचे सप्लाय वेगळे असतात, त्यांची लेबलं वेगळी वाचावी लागतात. लॅपटॉपचा चार्जर बहुधा १००-२४० चाच निघतो. लेझर प्रिंटर बहुधा निघत नाही: कागदावर शाई पक्की करणारा त्याचा हीटर थेट भिंतीच्या व्होल्टेजवर चालतो आणि एकाच व्होल्टेजसाठी बनवलेला असतो.