यूकेमध्ये कॉन्ट्रॅक्टवर घेतलेला फोन बिघडला तर कुणाकडे जायचं आणि काय बोलायचं

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाचा फोन आला, तोही रूममेटच्या मोबाईलवरून, कारण त्याचा स्वतःचा चार्जच होत नव्हता. शिकायला आलाय इकडे, २४ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय, चार महिने झालेत फक्त. दुकानात गेला तर त्यांनी सांगितलं की वॉरंटी बनवणाऱ्या कंपनीची आहे, त्यांनाच पाठव, आम्ही फक्त विकतो. आणि हा बिचारा थँक्यू म्हणून घरी आला आणि कंपनीच्या साइटवर फॉर्म भरत बसला. मला ऐकून फार वाईट वाटलं कारण दोन वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच वाक्य ऐकून परत आले होते आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांना हे कुणी सांगतच नाही.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वॉरंटी वेगळी आणि कायद्याने मिळालेला हक्क वेगळा. वॉरंटी ही बनवणाऱ्याने स्वतःहून दिलेली असते, तिच्या अटी त्यांच्या. पण कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे जबाबदारी ज्याने तुम्हाला फोन विकला त्याची आहे. वस्तू ठीकठाक दर्जाची पाहिजे, ज्या कामासाठी घेतली ते काम तिने केलं पाहिजे आणि जशी सांगून विकली तशीच ती असली पाहिजे. फोनचे पैसे एकदम दिले, महिन्याला देताय, की सुरुवातीला एक पेनी पण दिली नाही, त्याने काही फरक पडत नाही. त्यामुळे 'कंपनीकडे जा' हे उत्तर ऐकून घ्यायचंच नाही. शांतपणे म्हणायचं की माझा करार तुमच्याशी आहे, वॉरंटी क्लेम करायचा की नाही ते मी बघेन, मी आत्ता तुमच्याकडे कायद्याखालची तक्रार घेऊन आलेय.

आता विकणारा नेमका कोण, इथे खूप जण चुकतात. नेटवर्कच्याच दुकानातून किंवा साइटवरून घेतला असेल तर नेटवर्क. पण अनेक जण तिसऱ्याच रिटेलरकडून घेतात, तिथे सिमचा करार नेटवर्कशी असतो आणि फोन विकलेला असतो रिटेलरने, मग नेटवर्कला कितीही फोन केले तरी ते म्हणणार आमचा संबंध नाही, आणि फोनपुरतं त्यांचं बरोबर असतं. पावती किंवा ऑर्डरचा ईमेल उघडा आणि 'सेलर' म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. हे पाच मिनिटांचं काम आधी करा.

मग येतो तारखेचा हिशोब. सगळं याच्यावरच चालतं. फोन हातात आल्यापासून ३० दिवसांत दोष निघाला तर तुम्ही फोन सरळ परत करून पूर्ण पैसे मागू शकता, याला शॉर्ट टर्म राइट टू रिजेक्ट म्हणतात. दुकानवाले रिपेअर करून देतो म्हणतील, ते घ्यायची सक्ती नाही तुमच्यावर. रिपेअरला हो म्हणालात तर फोन त्यांच्याकडे असेपर्यंत ३० दिवसांचं घड्याळ थांबतं, पण माझं मत विचाराल तर महिन्याच्या आत बिघडलेला फोन ठेवूच नका. फक्त एक, या ३० दिवसांत पैसे परत मागताना दोष आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून व्हिडिओ काढून ठेवा. दुकानाने रिफंड मान्य केला की १४ दिवसांच्या आत पैसे यायला पाहिजेत. आणि ऑनलाइन घेतला असेल तर दोष नसला तरी १४ दिवसांत करार रद्द करता येतो, ती सोय वेगळी आहे, दोन्ही एकत्र करू नका.

३० दिवस उलटून गेले पण सहा महिने झाले नाहीत, ही माझ्या भावाची केस. या काळात कायदा तुमच्या बाजूने झुकलेला आहे. दोष निघाला तर तो पहिल्या दिवसापासूनच होता असं धरलं जातं, तसं नाही हे सिद्ध करायचं काम दुकानाचं. तुम्ही रिपेअर किंवा रिप्लेसमेंट मागायची, खर्च सगळा त्यांचा, पाठवायचं पोस्टेज पण त्यांचं, आणि ते वाजवी वेळात आणि तुम्हाला फार त्रास न होता झालं पाहिजे. कायद्यात दिवसांचा आकडा दिलेला नाही, म्हणून फोन देतानाच तारीख लेखी मागून घ्या.

आणि आता ही गोष्ट लोकांना अजिबात माहीत नसते. रिपेअरची संधी त्यांना एकदाच! एकदा रिपेअर झाला किंवा बदलून दिला आणि तरी फोन बरोबर चालत नसेल तर तुम्ही फायनल राइट टू रिजेक्ट वापरू शकता, म्हणजे फोन परत आणि पैसे परत, किंवा फोन ठेवून किंमत कमी करून घ्यायची. सहा महिन्यांच्या आत असाल तर वापराचे म्हणून पैसे कापता येत नाहीत. मी ऑफिसमध्ये एक जण बघितलाय ज्याने चार वेळा फोन रिपेअरला दिला, दर वेळी मदरबोर्ड बदलला म्हणून परत यायचा आणि दर वेळी महिन्याभरात तेच, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की दुसऱ्या वेळीच नको म्हणता येतं.

सहा महिन्यांनंतर हक्क संपतो का, तर नाही. फक्त सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. त्यासाठी एखाद्या स्वतंत्र मोबाईल रिपेअरवाल्याकडून लेखी रिपोर्ट घ्यायचा की दोष आतला आहे, पडल्यामुळे किंवा पाण्यामुळे झालेला नाही. रिपोर्ट तुमच्या बाजूने आला तर त्याचा खर्च पण दुकानाकडे मागा. इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कोर्टात जायला ६ वर्षांपर्यंत मुदत असते, स्कॉटलंडमध्ये ५. याचा अर्थ फोन ६ वर्षं टिकलाच पाहिजे असा नाही हं. पण दर्जा ठरवताना टिकाऊपणा बघायचा असं कायद्यातच लिहिलंय, म्हणून २४ महिने हप्ते भरायला लावून विकलेला महागातला फोन १४व्या महिन्यात आपोआप मेला तर 'वॉरंटी एकच वर्षाची होती' हे उत्तर पुरेसं नाही, आणि हा मुद्दा तुम्ही ठामपणे मांडायचा. फक्त इतका वापर झाल्यावर पैसे परत मिळाले तर वापराचे काही कापले जातील ते धरून चला.

जिथे हक्क नाही ते पण सांगते. फोन पडला, पाण्यात गेला, स्क्रीन तुमच्या हातून फुटली, किंवा आता आवडत नाही, यात हा कायदा उपयोगाचा नाही. बॅटरी दोन वर्षांत थोडी उतरणं ही नेहमीची झीज. पण दुकानवाले 'आत पाणी गेलंय' म्हणून फोन परत पाठवतात तेव्हा लगेच मान खाली घालू नका. फोटो मागा, रिपोर्ट मागा, नेमकं कुठे ओल दिसली ते लेखी द्या म्हणा. फोन वॉटर रेझिस्टंट म्हणून विकला असेल तर ती जाहिरात पण जपून ठेवा, कारण 'जसा सांगितला तसा असला पाहिजे' हे इथेच लागू होतं.

दुकानात जायच्या आधी घरी थोडं करून घ्या. दुसरा चार्जर आणि केबल लावून बघा, चार्जिंग पोर्टमध्ये कपड्याचा कचरा अडकलेला असतो तो हलक्या हाताने काढा, अपडेट टाका, बॅकअप घेऊन रिसेट मारून बघा. तरी तसंच असेल तर व्हिडिओ, तारखेसकट. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. दोष पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख त्याच दिवशी स्वतःला ईमेल करून ठेवा, पुढे सगळं भांडण त्या एका तारखेवर येतं. फोन देताना चारही बाजूंनी फोटो काढा, सिम काढून घ्या, अकाउंटचं लॉक काढा नाहीतर रिपेअर सेंटर फोन तसाच परत पाठवतं. आणि जॉब शीटवर, म्हणजे फोन रिपेअरला घेताना ते भरतात त्या कागदावर, काय लिहिलंय ते तिथेच वाचा, 'कस्टमर रिपोर्ट्स डॅमेज' असलं काही लिहिलं असेल तर सही करायच्या आधी बदलून घ्या. माझ्या वेळी कोपऱ्यावरच्या जुन्या चऱ्याला डॅमेज लिहिलं होतं आणि नंतर त्यावरूनच नकार आला.

दरम्यान बँकेचे कोड कुठे येणार हा मोठा प्रश्न असतो. लोन फोन मागा, तो द्यायलाच पाहिजे असा नियम नाही पण त्रास कमी करायची जबाबदारी त्यांची आहे हे सांगून मागा, बऱ्याचदा मिळतो. नाहीतर घरातला जुना फोन काढा. डिसेंबर २०२१ पासून नेटवर्क्सना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत, म्हणजे त्यानंतर घेतलेल्या फोनमध्ये कुठलंही सिम चालतं. ईसिम असेल तर साधं सिम मागून घ्या.

तोंडी बोलण्यावर थांबू नका. दुकानातून आलात की त्याच संध्याकाळी ईमेल करा, चॅटवर बोललात तर चॅट सेव्ह करा. लांबलचक लिहायची गरज नाही. फोन कधी घेतला, दोष कधी दिसला, काय दोष, कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ खाली तो 'नॉट ऑफ सॅटिस्फॅक्टरी क्वालिटी' आहे, मला अमुक पाहिजे, १४ दिवसांत उत्तर द्या. बस. कायद्याचं नाव लिहिलं की उत्तराचा सूरच बदलतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते. रागाच्या भरात डायरेक्ट डेबिट बंद करू नका! फोन चालत नाही तर पैसे का भरू, वाटणं साहजिक आहे, पण हप्ता चुकला की तो क्रेडिट फाइलवर, म्हणजे तुमच्या कर्ज-हप्त्यांच्या नोंदीत, जातो आणि डिफॉल्ट (पैसे थकवले अशी नोंद) लागला तर ६ वर्षं राहतो. आपण इथे शून्यापासून क्रेडिट हिस्टरी उभी करतो, पुढे भाड्याचं घर, मॉर्गेज, सगळीकडे ते बघितलं जातं. भरत राहा आणि भांडत राहा, जे जास्त गेलं ते परत मागता येतं. फोन परत केला म्हणून एअरटाइम, म्हणजे कॉल आणि डेटाचा प्लॅन, आपोआप बंद होतो असंही धरून चालू नका, दोन्ही एकाच विक्रीत घेतलं असेल तर दोन्ही रद्द करा असं स्पष्ट लिहून मागा आणि होकार लेखी घ्या.

हल्ली बऱ्याच ठिकाणी दोन करार असतात, एक एअरटाइमचा आणि एक फोनच्या कर्जाचा. कागद काढून बघा. कर्ज देणारी कंपनी वेगळी असेल तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ चं सेक्शन ७५ बघा, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर बहुतेक वेळा कर्ज देणारा पण विकणाऱ्याइतकाच जबाबदार धरता येतो. त्यांच्याकडे तक्रार करा, ८ आठवड्यांत निकाल नाही लागला किंवा उत्तर पटलं नाही तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे (पैशांच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट.

नेटवर्कशी वाद असेल तर त्यांच्या कंप्लेंट्स कोडप्रमाणे औपचारिक तक्रार करा. त्यात लिहिलेली मुदत संपली किंवा त्यांनी डेडलॉक लेटर (आता आमच्याकडून आणखी काही होणार नाही असं पत्र) दिलं की कम्युनिकेशन्स ऑम्बड्समन किंवा सीआयएसएएस (CISAS), या दोन स्वतंत्र तक्रार-निवारण संस्थांपैकी ते नेटवर्क जिचं सभासद असेल तिकडे जायचं. तुमची केस त्यांच्या हद्दीत येते का ते आधी विचारून घ्या. ऑफकॉमला, म्हणजे इथल्या टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या संस्थेला, लिहून एकट्याची तक्रार सुटत नाही, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत. कुठे अडलात तर इंग्लंड-वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची ग्राहक हेल्पलाइन आहे, ०८०८ २२३ ११३३, फोन फुकट आहे. अगदीच नाही जमलं तर स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा कोर्टातला दावा, इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंत, स्कॉटलंडमध्ये सिम्पल प्रोसिजर ५,००० पर्यंत. त्याआधी दुकानाला कोर्टात जातोय असं शेवटचं पत्र द्यायचं, बरीच प्रकरणं त्या पत्रावरच मिटतात.

आणि हो, फोनचा इन्शुरन्स असेल तर मूळ दोषासाठी तो वापरू नका, उगाच एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातला हिस्सा, भरावा लागतो.

भाऊ काल परत दुकानात गेला. आधी परत तेच, कंपनीकडे जा. याने वर सांगितला तसा लिहिलेला ईमेल दाखवला, मग मॅनेजर आली, फोन रिपेअरला घेतला, जॉब शीटवर 'नो फिजिकल डॅमेज' लिहून दिलं आणि १४ दिवसांनंतरची तारीख टाकली. ती तारीख त्याने आणि मी दोघांनी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलीय.