बिल्ड यंत्रणेला गिट जोडण्यापूर्वीची तयारी

जिनिंगच्या काट्याचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावातच तयार करणाऱ्या छोट्या गटांसाठी ही यादी आहे. दिवाळीनंतर हिंगणघाट, वणी किंवा पांढरकवड्याला कापसाच्या गाड्या लागू लागल्या, की एखाद्या जिनिंगमधल्या प्रतीत दोष निघतो आणि ही प्रत नेमक्या कोणत्या कोडातून तयार झाली, हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. त्याचे उत्तर त्या प्रतीतच नोंदलेले असावे यासाठी बिल्ड यंत्रणेला, म्हणजे कोडातून चालणारी प्रत तयार करणाऱ्या व्यवस्थेला, गिटची (कोडातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) जोडणी करायची आहे; बाकीच्या सोयी दुय्यम आहेत. पोळा ते दसरा या काळात हे काम उरकावे, कारण हंगाम सुरू झाल्यावर बिल्डच्या यंत्रणेला हात लावण्याची कोणाची हिंमत होत नाही, आणि होऊही नये.

सुरुवात रिपॉझिटरीपासून, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास साठवलेल्या गिटच्या भांडारापासून करावी. बिल्डला लागणारी प्रत्येक वस्तू एकतर रिपॉझिटरीत असावी किंवा तिची नेमकी आवृत्ती तिथे लिहिलेली असावी. हे तपासण्यासाठी दुसऱ्या संगणकावर रिकाम्या फोल्डरात क्लोन (रिपॉझिटरीची प्रत) घेऊन बिल्ड चालवावी. ती जिथे अडेल, तिथे कोणाच्या तरी संगणकावर राहून गेलेली फाइल सापडेल. बिल्डमधून निर्माण होणाऱ्या फाइली गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नोंदवाव्यात, मात्र पूर्वीच कमिट झालेली (गिटच्या इतिहासात नोंदलेली) फाइल केवळ या नोंदीने बाहेर पडत नाही, ती गिटच्या नोंदीतून वेगळी काढावी लागते. जुने इन्स्टॉलर रिपॉझिटरीत साठवू नयेत. गिटहब (रिपॉझिटरी ठेवण्याची ऑनलाइन सेवा) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही, आणि त्याहून लहान इन्स्टॉलरही इतिहासात कायमचे बसून प्रत्येक क्लोन जड करतात.

आपल्याकडे खरी अडचण नेटवर्कची आहे आणि तयारीचा मोठा वाटा तिथेच खर्च करावा. गिटचे क्लोन अर्ध्यावर तुटले, तर ते पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठी रिपॉझिटरी खेचताना याचा अर्थ चांगलाच कळतो. म्हणून बिल्डच्या संगणकावर रिपॉझिटरीची एक मिरर प्रत कायम ठेवावी, तिच्यात फक्त नवे कमिट आणावेत आणि प्रत्यक्ष बिल्डने त्या मिररमधूनच कोड घ्यावा. पहिल्या वेळी संपूर्ण इतिहास गिट बंडल म्हणून एका फाइलीत बांधून पेन ड्राइव्हवर आणता येतो, पुढचे कमिट त्यावर चढवता येतात. वेळ वाचवण्यासाठी एकाच कमिटचे उथळ क्लोन घेण्याचा मोह होतो, परंतु त्यात मागचे टॅग (आवृत्तींच्या नावाच्या खुणा) येत नसल्याने आवृत्तीचा क्रमांक काढणे अशक्य होऊन बसते. तसेच मोबाइल जोडणीवरचा संगणक बहुधा बाहेरून थेट गाठता येत नाही, त्यामुळे वेबहुकची (नवा कमिट आल्याच्या सर्व्हरकडून येणाऱ्या सूचनेची) वाट न पाहता जेन्किन्सला, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ठरावीक अंतराने स्वतःच विचारणा करायला लावावे.

भारनियमनाचा विचार वेगळा करावा. मध्येच वीज गेल्यास गिटची इंडेक्स लॉक फाइल मागे राहते आणि पुढची प्रत्येक बिल्ड दुसरी गिट प्रक्रिया चालू असल्याचे सांगून थांबते. दुसरे काही चालू नाही याची खात्री करूनच ती फाइल काढावी, किंवा त्याहून बरे म्हणजे प्रत्येक बिल्ड नव्या कामाच्या फोल्डरात करावी. तयार प्रत आधी तात्पुरत्या फोल्डरात लिहून, पूर्ण झाल्यावरच वितरणाच्या जागी हलवावी. जुन्या संगणकातील मदरबोर्डची बॅटरी संपली असेल, तर वीज परतल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रमाणपत्रे अमान्य ठरून गिटची जोडणी तुटते आणि फाइलींच्या वेळेवर चालणारा मेक (बिल्डचे एक साधन) चुकीचे निर्णय घेतो. इन्व्हर्टरच्या खर्चापुढे ही बॅटरी किरकोळ आहे, ती आधी बदलावी.

आवृत्तीचा क्रमांक हाताने लिहिणे बंद करावे. गिट डिस्क्राइब ही आज्ञा नजीकचा टॅग, त्यानंतरच्या कमिटांची संख्या आणि हॅशची (कमिटच्या ओळख-क्रमांकाची) सुरुवातीची अक्षरे एकत्र देते. ती साधे (संदेश नसलेले) टॅग सहसा विचारात घेत नाही, म्हणून प्रत्येक प्रसिद्ध आवृत्तीला संदेशासह टॅग लावण्याची शिस्त ठरवावी. कमिट न केलेले बदल असताना झालेल्या बिल्डवर डर्टी ही खूण उमटलीच पाहिजे आणि अशी प्रत जिनिंगमध्ये जाता कामा नये. हा मजकूर ‘माहिती’च्या खिडकीत आणि काटा पावतीच्या तळाशी छापावा, म्हणजे फोनवर बोलणारा मुनीमही तो वाचून दाखवू शकेल.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरात असल्यास ओळींचा शेवट कसा असावा हे गिटअॅट्रिब्यूट्स फाइलीत लिहून टाकावे, अन्यथा विंडोजवर जतन झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालणार नाही. पावतीच्या नमुन्यांना देवनागरी नावे असतील, तर गिट ती नावे मुळात अंकांच्या सांकेतिक रूपात दाखवते आणि फाइलींची यादी वाचणारी बिल्ड स्क्रिप्ट गोंधळते. त्यासाठी कोट-पाथ ही सेटिंग बंद करावी.

परवानग्यांबाबत थोडक्यात: बिल्डच्या संगणकाला फक्त वाचण्यापुरती वेगळी किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) द्यावी. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट तपासाव्यात. फोल्डरचा मालक आणि बिल्ड चालवणारा वापरकर्ता वेगळे असतील, तर २०२२ पासूनचे गिट काम करण्यास नकार देते. ते फोल्डर सुरक्षित म्हणून नोंदवावे लागते.

शेवटी रंगीत तालीम घ्यावी. इंटरनेट तोडून, मागील हंगामातील एखाद्या टॅगवरून मिररमधून बिल्ड करावी आणि निघालेली प्रत त्या वेळी दिलेल्या प्रतीशेजारी ठेवून तीच पावती दोन्हींतून छापावी. बिल्डची वेळ आत लिहिली जात असल्यास फाइली बाइटशः जुळणार नाहीत, त्याची काळजी नको. पावतीतील वजन, कपात आणि रक्कम मात्र जुळलीच पाहिजे. बिल्ड एखाद्या लायब्ररीसाठी अडली, तर ती लायब्ररी स्थानिक साठ्यात आणून तालीम पुन्हा पहिल्यापासून करावी.