जुन्या गाडीला मजबुतीची पट्टी मारायची? आधी दारं बसवा

जुन्या गाडीच्या सांगाड्याला मजबुतीसाठी पत्र्याची पट्टी वेल्ड करताना ‘दारं उतरवा, गाडी सगळी मोकळी करा, मग हात नीट पोचतो’ असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा की आतापर्यंत किती गाड्या केल्यास. मीही तो सल्ला ऐकला होता. पहिल्याच गाडीत तो मला महागात पडला. त्याबद्दल पुढे सांगतोच.

बॅटरी, पेट्रोलची टाकी, नळ्या, आतला फोम आणि कापड हे सगळं बाहेर. आग विझवायचं नळकांडं हाताच्या अंतरावर. तळाचा डांबरी थर वेल्डच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी खरवडा, नाहीतर तो पत्र्याच्या मागे पेटतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. पत्रा पुसायला क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर अजिबात नको. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ठिणगीच्या, उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्याच्या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो, आणि तो जीव घेऊ शकतो.

गंजक्या पत्र्यावर पट्टी मारू नका. स्क्रूड्रायव्हर टोचा, आत गेला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा घाला आणि मग मजबुतीचं बघा.

पट्टी साध्या माइल्ड स्टीलची, मूळ पत्र्याच्या जवळपास जाडीची. जाड म्हणजे मजबूत हा गैरसमज आहे. 1.2 मिमीच्या पत्र्यावर 4 मिमीची पट्टी ठोकली की पट्टी हलत नाही, मग सगळा पीळ तिच्या टोकापाशी येतो आणि तिथे शेजारचा पत्रा चिरतो. याच कारणासाठी पट्टीची टोकं सरळ कापू नका, निमुळती करा, आणि चासीच्या दांड्याला आडवा वेल्ड शक्यतो टाळा. पट्टीला 8 मिमीची भोकं, साधारण 40 मिमीच्या अंतराने; ही भोकं वेल्डने भरली की पट्टी खालच्या पत्र्याला धरते. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतील तिथे जस्ताचा प्रायमर लावा, पण भोकाच्या आतला खरवडून टाका. तिथे तो राहिला की वेल्ड फुसफुसतो आणि धूरही वाईट.

आता मुख्य गोष्ट. वेल्ड थंड होताना आखडतो, आणि आखडताना शेजारचा पत्रा ओढतो. एक टाका किती ओढतो ते दिसतही नाही, पण हातभर लांब वेल्ड एका दमात मारला तर गाडीच वाकते. माझ्या पहिल्या गाडीत दाराखालच्या पेटीला, म्हणजे सिलला, वरच्या कडेने पट्टी होती. दारं उतरवलेली, गाडी मधोमध जॅकवर, आणि मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खुशाल ओढत गेलो. वेल्ड काय सुंदर आला होता! दुसऱ्या दिवशी दार लावलं तर मागची वरची कड खांबाला घासली आणि दार तिथेच अडकलं. वेल्ड वरच्या बाजूला होता, म्हणून पेटीची वरची बाजू आखडली, टोकं वर उचलली गेली आणि दोन्ही खांब वरून एकमेकांकडे झुकले. तळाशी मारला असता तर उलटं झालं असतं, वरची फट रुंदावली असती. मग सगळा वेल्ड ग्राइंडरने उडवून पुन्हा सुरुवात. दोन आठवडे गेले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, पण आधार मधोमध नाही; सस्पेन्शन जिथे चासीला जोडलेलं असतं तिथे, म्हणजे वजन नेहमी जिथून उतरतं तिथूनच. चारही कोपरे समपातळीत. दारं बिजागऱ्यांवर बसवलेली, कुलूप लागलेलं, भोवतीची फट सगळीकडून सारखी. छत नसलेली गाडी असेल तर दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा दांडा टॅक करा, म्हणजे वेल्डच्या बारीक ठिपक्यांनी तात्पुरता पकडा, त्याला पर्याय नाही. दार आणि दांडा एकाच वेळी बसतील अशी जागा आधी हेरून ठेवा. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि आकडे पत्र्यावरच खडूने लिहा. कागद हरवतो.

आधी फक्त टॅक: एक मधे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग मधल्या जागा. दार उघडून लावून बघा. मग भोकं भरा, पण शेजारची दोन लागोपाठ कधीच नाही. एक पुढे, एक मागे, जमलं तर एक गाडीच्या दुसऱ्या बाजूला. कडेचे टाके 20 ते 25 मिमीचे, मधे तेवढीच किंवा जास्त जागा सोडून. पट्टीवर उघडा हात ठेवता येत नसेल तर थांबा. ओल्या फडक्याने थंड करायचा शॉर्टकट मला पटत नाही, कारण मग कुठला भाग किती आखडला याचा हिशोबच राहत नाही. चहा प्या. प्रत्येक फेरीनंतर कर्ण मोजा. 2 मिमीचा फरक दिसला की पुढचे टाके विरुद्ध कडेला. दांडा सगळं पूर्ण गार झाल्यावरच कापायचा.

वेल्डिंग मशीनचं सेटिंग गाडीवर करून बघू नका. तशाच जाडीचे दोन तुकडे घ्या, एक भोक भरा आणि छिन्नीने उपटा. खालच्या पत्र्याचं बटणाएवढं टिकलं वेल्डबरोबर निघून आलं तर सेटिंग बरोबर. वेल्ड नुसता टपकन सुटला तर तो वर चिकटला होता, आत गेलाच नव्हता. करंट वाढवा. मशीनच्या अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ, उघड्या पत्र्यावर. बिजागरी किंवा बेअरिंगमधून करंट जाता कामा नये.

काम संपलं की अर्धा तास गाडीपाशीच थांबा, धुराचा वास येतो का बघत. नंतर घासणं, प्रायमर, सांध्यांना सीलर. बंद पेटीच्या आतला प्रायमर जळालेला असतो आणि ब्रश तिथे पोचत नाही, म्हणून लांब नळीने मेण फवारा, आतल्या सगळ्या कोपऱ्यांत. त्याआधी पेटीच्या तळाची पाणी निघायची भोकं तार घालून बघून घ्या. माझ्याकडून एकदा त्यातलं एक पट्टीखाली बुजलं होतं.