सेल्फ नुसता 'टक्' करतो, बॅटरी मात्र चांगली : माझा अनुभव

देवगडला घर खाडीला लागून, जुनी डिझेल पिकअप कायम खाऱ्या वाऱ्यात. चावी फिरवली की 'टक्', हेडलाइट मंद. बॅटरी नवी घातली, सेल्फचे (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचे) कार्बन बदलले, फरक शून्य. ऐन आंब्याच्या सीझनात पेट्या भरलेली गाडी ढकलून वैताग आला.

दोष निघाला अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो त्या वाटेत. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच, क्लॅम्पवर नाही. मुलाला सेल्फ मारायला लावला. आकडा (या वाटेत वाया जाणारे व्होल्ट) ०.५ च्या आत हवा, माझा २.८!

इंजिन ते चासी जाणारी अर्थची केबल वरून धड दिसत होती. लगजवळ (केबलच्या टोकाची, बोल्टात बसणारी धातूची कडी) वाकवली तर आतून हिरवी पूड सांडली.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. गंजलेल्या बोल्टवर स्प्रे मारून रात्रभर ठेवला (घाई केलीत तर बोल्ट तुटतो). दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्या. रंगावर लग बसवून उपयोग नाही. ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल, लग दाबून घेतलेले. बोल्ट आवळले, मगच वरून ग्रीस. निगेटिव्ह शेवटी जोडली.

आता आकडा ०.२.