संशोधक दोनच असताना करायची तयारी

जळगावात बसून शेतकऱ्यांसाठी किंवा बचत गटांसाठी ॲप बनवणाऱ्या टीममध्ये लोकांशी जाऊन बोलणारे संशोधक बहुधा दोन-तीनच असतात. मुलाखतींमागच्या व्यवस्थेच्या कामाला ‘रिसर्च ऑप्स’ म्हणतात. २०१८ मध्ये केट टाउसी यांनी सुरू केलेल्या समुदायामुळे हे नाव रुळलं. मोठ्या कंपन्या त्यासाठी वेगळी माणसं ठेवतात. आपल्याकडे तेवढा पैसा नसतो, तरी ही व्यवस्था आत्ताच लावा. संशोधक सहा झाले की प्रत्येकाची रीत वेगळी झालेली असते आणि ती बदलायला कुणी राजी नसतं.

आधी जबाबदारी एकाच्या नावावर करा. आठवड्यातला एक दिवस पुरतो, पण त्या दिवशी त्याला दुसरं काम देऊ नका.

मग सहभागींची नोंदवही. साधी स्प्रेडशीट चालेल. गाव, पीक, बोली, फोन स्वतःचा की मुलाचा, शेवटचं कधी बोललो आणि पुन्हा बोलवलं तर चालेल का, एवढं तरी हवंच. शिवाय ‘कोणाच्या ओळखीनं’ हा रकाना हवा. कृषी सेवा केंद्राच्या मालकानं जमवलेले शेतकरी त्याचे उधारीचे गिऱ्हाईक असतात. खताच्या भावाबद्दल ते त्याच्यासमोर मोकळं बोलणार नाहीत, आणि हा रकाना नसेल तर तसं का झालं ते पुढच्या संशोधकाला कळणार नाही. रावेर-यावलकडचा ठिबकवाला, स्मार्टफोनवाला, रस्त्यालगतचा केळी बागायतदार सगळ्यांनाच सोपा सापडतो. त्याला सहा महिन्यांत एकदाच त्रास द्यायचा, असा नियम लिहून ठेवा.

मुलाखतींच्या तारखा ठरवण्याआधी वर्षाचं कॅलेंडर भरा. मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, म्हणजे सासरच्या गावात ज्या बायांशी बोलायचं त्या तिथे नसतात. जूनमध्ये पाऊस पडला की पेरणी. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीचा रोटांचा सण चालू असताना घर भाऊबंदांनी भरलेलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी. नंदुरबारच्या डोंगराळ भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, आणि होळीआधी सातपुड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा भेट सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळीच ठेवा. केळीची कटाई मात्र वर्षातून कधीही निघते. ट्रक आला की ठरलेली भेट गेली, म्हणून दर दौऱ्यात एक मोकळा दिवस राखा.

संमतीपत्र एका पानाचं असावं आणि मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं असावं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत मिळण्याची सोय ठेवायला सांगतो. मराठी त्यात आहे, अहिराणी आणि भिली नाहीत. कायदा तिथे थांबला तरी आपण थांबू नये. साक्री किंवा धडगावला जाण्याआधी त्या बोलीतलं संमतीचं रेकॉर्डिंग त्याच भागातल्या माणसाकडून करून घ्या. संमती जितकी सहज दिली तितकीच सहज मागे घेता आली पाहिजे, म्हणून फोन नंबर छापलेली चिठ्ठी हातात द्या. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, तो नमुना वेगळा करा.

मानधनाचा दर आधी ठरवा आणि सगळ्यांना तोच द्या. मुलाखतीत अर्धा दिवस गेला तर मजुराचा अर्धा रोज बुडतो, मानधन त्याहून कमी नको. पैसे त्याच दिवशी हातात पडावेत. त्यासाठी हिशेब विभागाकडून आगाऊ रक्कम मंजूर करून घ्या. रेंज नसलेल्या पाड्यावर यूपीआय चालत नाही, म्हणून सुट्ट्या नोटा आणि सही-अंगठ्याची वही सोबत असू द्या. बाईची मुलाखत असेल तर पैसे कसे हवेत ते तिलाच विचारा. नवऱ्याच्या नंबरवर पाठवलेले पैसे तिला मिळालेच असं धरून चालू नका.

रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर ठेवू नका. त्याच संध्याकाळी ऑफिसच्या फोल्डरमध्ये टाका, फाइलला नावाऐवजी क्रमांक द्या, नाव-क्रमांकाची जुळणी कुलूपबंद ठेवा आणि डिलीट करायची तारीख तिथेच लिहा. मुलाखत कागदावर उतरवणारी आपोआप चालणारी साधनं अहिराणीला अडखळतात, म्हणून बोली जाणणारे विद्यार्थी हाताशी ठेवा, त्यांना गोपनीयतेचं पत्र आणि रीतसर मोबदला द्या.

महागडं सॉफ्टवेअर सध्या राहू द्या. नोंदवहीत शोधायला वेळ लागू लागला, की तेव्हा बघू.