इंग्लंडमधलं कौन्सिलचं घर: यादीत नंबर कशावर लागतो

म्हाडाची सोडत पाहिलेल्यांना इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) भाड्याच्या घरांची पद्धत आधी उलटी वाटते. इथे सोडत नाही, अनामत रक्कम नाही, आणि "दहा वर्षांपासून नाव घालून ठेवलंय" एवढ्या बळावर घरही मिळत नाही. आधी गरज मोजतात. किती वर्षं थांबलात हे त्यानंतर पाहतात, तेही सारखीच गरज असलेल्यांमध्ये. म्हणून आपली गरज कागदावर पूर्ण उमटली पाहिजे, अर्जाचं सगळं मर्म त्यात आहे. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे आहेत.)

पहिली चाळणी व्हिसाची. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) ही अट असलेल्या व्हिसावर असाल (स्टुडंट, स्किल्ड वर्कर वगैरे), तर अर्ज करूच नका. कौन्सिलचं घर सार्वजनिक निधीत धरलं जातं आणि व्हिसाची अट मोडल्याचा ठपका पुढे नडू शकतो. आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालेले आणि ब्रिटिश नागरिक सहसा पात्र असतात, पण परदेशातून नुकतेच आला असाल तर आता मुक्काम इथेच आहे हे दाखवावं लागतं. मुलांच्या हमीवर कायम राहायला आलेल्या आईवडिलांना मात्र साधारणपणे पहिली ५ वर्षं स्वतःच्या नावावर अर्ज करता येत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोंयकारांपैकी ज्यांना सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना मिळालेली कायम राहण्याची परवानगी) आहे त्यांची अडचण नाही. प्री-सेटल्ड (तात्पुरती परवानगी) असेल तर तेवढ्यावर भागत नाही, नोकरी किंवा धंदा चालू असल्याचा पुरावा लागतो. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

दुसरी चाळणी स्थानिक. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानंतर यादीत कोणाला घ्यायचं हे बऱ्याच अंशी कौन्सिल ठरवते. भागात किमान २ वर्षं वास्तव्य ही अट सर्रास आढळते, लंडनमध्ये काही ठिकाणी ५ वर्षं किंवा त्याहूनही जास्त. उत्पन्नाची आणि बचतीची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. आपल्या कौन्सिलची 'अलोकेशन स्कीम' (घरवाटपाची नियमावली) शोधा आणि अर्जाआधी वाचून काढा. शेजारच्या कौन्सिलचे नियम आपल्याला लागू होतील असं गृहीत धरू नका.

प्राधान्य कोणाला, हे १९९६ च्या हाउसिंग कायद्यात लिहिलेलं आहे: बेघर असलेले, कौन्सिलने ज्यांची बेघरपणाची जबाबदारी घेतली आहे ते, दाटीच्या किंवा आरोग्याला घातक घरात राहणारे, आजारपण वा अपंगत्वामुळे घर बदलणं भाग असलेले, आणि ठरावीक भागात गेलं नाही तर हाल होतील असे. याच गटांवरून कौन्सिल तुमचा बँड (प्राधान्याची श्रेणी) किंवा पॉइंट ठरवते. बँड मिळाल्याची तारीख म्हणजे सहसा तुमची 'प्रायॉरिटी डेट'. एकाच बँडमध्ये जुनी तारीखवाला पुढे.

दाटी कशी मोजतात ते नीट समजून घ्या, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. प्रचलित हिशेब असा: जोडप्याला एक बेडरूम, २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक इतर व्यक्तीला एक, १० ते २० वयाच्या एकाच लिंगाच्या दोघांना मिळून एक, आणि १० वर्षांखालच्या कुठल्याही दोघांना मिळून एक. समजा घरात नवरा-बायको, आजी, ९ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा आहे. गरज ३ बेडरूमची. मुलीला दहा वर्षं पूर्ण झाली की भावाबरोबर खोली धरत नाहीत, गरज ४ होते. ही वाढ आपोआप नोंदली जाईल असं धरून चालू नका. वाढदिवस झाला की लगेच जन्मदाखल्यासह बदल कळवा. वयाच्या रेषा काही कौन्सिलांनी थोड्या सरकवल्या आहेत, तेही तपासा. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील या मोजणीत येत नाहीत.

आजारपणाच्या कागदात नेहमीची चूक म्हणजे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) पत्रात नुसतं आजाराचं नाव असणं. "यांना दमा आहे" एवढ्याने बँड बदलत नाही. घरामुळे काय बिघडतं आणि घर बदलल्याने काय सुधारेल, हे लिहून घ्या: बेडरूमच्या भिंतीला बुरशी आहे, मुलाला अमुक तारखांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, किंवा गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून आठवड्यातून एकदाच उतरता येतं. भिंतीचे तारखेसह फोटो जोडा.

घरमालकाने घर सोडण्याची नोटीस दिली तर त्याच दिवशी कौन्सिलला कळवा. ५६ दिवसांच्या आत बेघर होण्याची शक्यता असेल आणि तुम्ही मदतीला पात्र असाल, तर घर टिकवायला मदत करणं ही २०१८ पासून कौन्सिलची जबाबदारी आहे. कौन्सिलशी बोलल्याशिवाय स्वतःहून घर सोडू नका. 'जाणूनबुजून बेघर' असा शेरा बसला तर पुढची मोठी मदत हातची जाते. बँड वाढावा म्हणून मुद्दाम लहान घरात गेल्यासही प्राधान्य कमी होऊ शकतं.

यादीत आल्यावर घर आपसूक चालत येत नाही, बहुतेक ठिकाणी बिड करावं लागतं. यात पैशांचा संबंध नसतो, या घरासाठी माझा विचार करा एवढाच त्याचा अर्थ. मुदत संपेपर्यंत कधीही बिड करा, आधी करणाऱ्याला फायदा नाही. मंजूर बेडरूमपेक्षा मोठ्या घरावर केलेलं बिड साधारणपणे वाया जातं. भाड्याची थकबाकी असेल तर पहिला नंबर असूनही वगळलं जाऊ शकतं, म्हणून हप्ते ठरवून घ्या आणि त्याचा कागद जवळ ठेवा. दरवर्षी नूतनीकरणाचा ईमेल येत असेल तर त्याला उत्तर द्या, नाहीतर नाव उडतं. ऑफर नाकारण्याआधी किती नकार चालतात ते स्कीममध्ये बघा. बेघरपणाच्या जबाबदारीखाली आलेली योग्य ऑफर एकदा जरी नाकारली तरी ती जबाबदारी संपू शकते. शंका असेल तर घर स्वीकारून त्याच वेळी फेरतपासणी मागता येते.

बँड चुकीचा वाटला तर लेखी 'रिव्ह्यू' (फेरतपासणी) मागा. बेघरपणाच्या निर्णयाला २१ दिवसांची मुदत कायद्यानेच आहे, बँडच्या निर्णयाची मुदत स्कीममध्ये किंवा निर्णयाच्या पत्रात असते. ते पत्र आलं त्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.